धुराडं काढून टाकलेलं घर

बालमित्रांनो, एक कोडं सोडवा पाहू!

एका शेतकऱ्याचं घर आहे. ऐसपैस, सहा खोल्यांचं. बाहेर थंडी नुसती मी म्हणतेय. घराच्या मधोमध, चक्क जमिनीवर, ओंडके पेटले आहेत. पण घराला धुराडं नाही! खिडक्या आहेत, पण एकाही खिडकीला काच नाही. मग धूर जातो कुठून? आणि वारा अडतो कशानं?

कोड्याचा खरा अवघड भाग तर पुढेच आहे. या घराला एकेकाळी चांगलं धुराडं होतं. पिढ्यान् पिढ्या माणसांनी त्याच्याजवळ बसून हात शेकले होते. आणि मग जुन्या घरांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या माणसांनीच ते काढून टाकलं. का बरं?

उत्तर शोधायला आपल्याला इंग्लंडमधल्या एका खेड्यात जायला हवं. चला तर!

उचलून नेलेलं घर

इंग्लंडच्या आग्नेय भागात केंट, सरे आणि ससेक्स हे परगणे आहेत. त्यांच्यामधल्या टेकड्यांच्या प्रदेशाला ‘वील्ड’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थच मुळी ‘जंगल’. इथे ओकची झाडं उदंड. त्यामुळे इथले शेतकरी घरं बांधायचे तीही ओकच्या लाकडाची.

केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोन गावाच्या हद्दीत असंच एक घर होतं. त्याचं नाव ‘बे-लीफ’. (मसाल्यातल्या तमालपत्रालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात, बरं का!) १९६० नंतरच्या दशकात तिथे बॉ बीच नावाच्या मोठ्या जलाशयाची योजना आली आणि घराची जागा त्या योजनेत गेली. धरणासाठी घरदार सोडावं लागणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

पण बे-लीफचं नशीब बलवत्तर! नेमक्या त्याच सुमारास रॉय आर्मस्ट्राँग नावाचे इतिहासाचे अभ्यासक आणि त्यांचे सहकारी एक आगळंवेगळं संग्रहालय उभं करण्याच्या खटपटीत होते. या संग्रहालयात वस्तू नव्हे, तर घरंच ठेवायची होती. जी घरं पाडली जाणार, ती तिथून सोडवून आणायची आणि मोकळ्या माळावर पुन्हा उभी करायची. पश्चिम ससेक्समधल्या सिंगलटन गावाजवळ ‘वील्ड अँड डाउनलँड’ या नावाचं हे संग्रहालय १९७० साली लोकांसाठी खुलं झालं. पाणीपुरवठा कंपनीनं बे-लीफ घर या मंडळींना देऊन टाकलं. १९६८-६९ मध्ये ते सुटं केलं गेलं आणि १९७२ पर्यंत सिंगलटनला पुन्हा उभं राहिलं.

तुम्ही म्हणाल, ‘अख्खं घर सुटं करतात म्हणजे काय? ते काय मेकॅनो आहे?’

अगदी बरोबर ओळखलंत. ते मेकॅनोच आहे!

खिळे नसलेला सांगाडा

या घराच्या भिंती वजन पेलत नाहीत. सगळा भार असतो लाकडी सांगाड्यावर. खांब, तुळया, वासे आणि त्यांना तिरके आधार देणारे वाकडे टेकू असा तो सांगाडा. सुतार आधी ही सगळी लाकडं जमिनीवर मांडून एकमेकांत बसवून बघायचे. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची आणि दुसऱ्यात तिच्या मापाची खाच कोरायची. जीभ खाचेत गेली, की दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडी मेख ठोकायची. झाला सांधा! यात त्यांची एक युक्ती असायची. दोन्ही लाकडांतली भोकं मुद्दाम केसभर चुकवून पाडायची. मग मेख ठोकली, की ती सांधा आपोआप आवळून घ्यायची.

लोखंडी खिळे का वापरत नसत? ओकच्या लाकडात एक प्रकारचं आम्ल असतं. त्यानं लोखंड लवकर गंजतं. लाकडी मेख मात्र लाकडाबरोबरच सुकते आणि शतकानुशतकं टिकते.

ओक तोडल्या तोडल्या, ओला असतानाच कापायचे. सुकल्यावर तो इतका कडक होतो, की करवतीचे दात पडायची वेळ येते. आता ओलं लाकूड घरात बसवलं, की पुढच्या काही वर्षांत ते सुकणार, पिळवटणार, थोडं वाकणार. म्हणून तर या जुन्या घरांच्या तुळया जरा तिरप्याच दिसतात. त्यात कुणा सुताराची चूक नसते.

सगळं जुळलं, की सुतार प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर सारखीच खूण कोरायचे. या खुणा बहुधा रोमन आकड्यांसारख्या असायच्या, कारण सरळ रेघा पटाशीनं कोरायला सोप्या. मग सांगाडा सुटा करून घराच्या जागेवर न्यायचा आणि खुणेला खूण जुळवून उभा करायचा. म्हणजे पाहा, हे घर बांधलं तेव्हाच ते सुटं करता येण्याजोगं होतं. पाचशे वर्षांनंतर संग्रहालयाच्या माणसांनी तीच पद्धत उलट्या क्रमानं वापरली. आधी मोजमापं घेतली, रेखाटनं केली, फोटो काढले. मग एकेक लाकूड ओळख पटेल अशा बेतानं उतरवलं.

आणि भिंती? खांबांच्या मधल्या जागेत काठ्या उभ्या करायच्या, त्यात लवचिक फांद्या विणायच्या आणि वर चिखल, चिरलेलं गवत आणि शेण यांचा लेप द्यायचा. ओळखीचं वाटतंय ना? कोकणात ज्याला आपण कुडाची भिंत म्हणतो, तिचीच ही इंग्लंडमधली बहीण.

आत येऊन बघा

आता आपण दारातून आत शिरू. पहिल्यांदा लागतो एक बोळ. तो घराच्या पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार जातो. बोळाच्या एका बाजूला दोन छोट्या खोल्या आहेत. एकीचं नाव ‘पॅन्ट्री’, दुसरीचं ‘बटरी’. पॅन्ट्रीत पाव आणि कोरडा शिधा ठेवायचा. लॅटिन भाषेत पावाला ‘पानिस’ म्हणतात. त्यावरून फ्रेंच भाषेच्या वाटेनं इंग्रजीत पॅन्ट्री हा शब्द आला. त्याच लॅटिन शब्दावरून पोर्तुगीजांचा ‘पाव’ झाला आणि तो गोव्याच्या वाटेनं आपल्या वडापावात येऊन बसला! म्हणजे पॅन्ट्री आणि वडापाव हे दूरचे नातेवाईकच म्हणायचे. आणि ‘बटरी’त लोणी ठेवत असतील असं वाटलं ना? सपशेल फसलात! तिथे पेयांची लाकडी पिंपं ठेवायचे. पिंपाच्या जुन्या नावावरून बटरी हा शब्द आला.

बोळाच्या दुसऱ्या बाजूला आहे घराचं काळीज, म्हणजे ‘हॉल’. आपल्या फ्लॅटमधल्या हॉलचा हा खापरपणजोबा. याला वर माळा नाही. मान वर केली, की थेट छपराचे वासे आणि कौलं दिसतात. मधोमध जमिनीवर आगटी. एका टोकाला यजमानाचं टेबल. घरात खुर्ची असलीच, तर एखादी. तिच्यावर बसायचा मान घरातल्या कर्त्या माणसाचा. बाकीचे सगळे बाकांवर.

हॉलच्या पलीकडे यजमानाची खासगी खोली. तिच्यावर माडी आणि माडीवर झोपायची मोठी खोली. या खोलीला लागून भिंतीबाहेर काढलेली संडासाची छोटीशी जागा आहे. तिथून सगळं सरळ खाली! पॅन्ट्री-बटरीच्या डोक्यावरही एक खोली आहे. झाल्या की नाही सहा?

घर समोरून पाहिलंत, तर दोन्ही टोकांच्या माड्या खालच्या भिंतींपेक्षा पुढे आलेल्या दिसतात. मधला हॉल त्यामुळे आत घेतल्यासारखा वाटतो आणि तिन्ही भागांवर एकच लांबलचक छप्पर. वील्डमध्ये अशी घरं इतकी बांधली गेली, की या नमुन्याला ‘वील्डन घर’ असंच नाव पडलं.

आता कोड्याचा पहिला भाग सोडवू. खिडकीत काच नाही, तर फक्त ओकचे उभे गज आहेत. वारा अडवायला आतून लाकडी झडपा. काच तेव्हा इतकी महाग होती, की साध्या शेतकऱ्याच्या घरात ती नसायचीच. इंग्रजीतला ‘विंडो’ हा शब्दसुद्धा जुन्या नॉर्स भाषेतून आलाय. त्याचा मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’. किती चपखल! म्हणजे वारा अडवायचा, तर झडपा लावायच्या आणि उजेडाला मुकायचं. उजेड हवा, तर वारा सोसायचा.

आणि धूर? तो वर उंच छपराखाली जमा व्हायचा आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर झिरपायचा. छप्पर उंच असल्यामुळे धुराचा ढग डोक्याच्या बराच वर राहायचा. बाकावर बसलं, की बरं वाटायचं. उभं राहिलं, की डोळे चुरचुरायचे!

धुराडं आलं आणि सगळं बदललं

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या खेड्यांत एक नवीन वस्तू दिसू लागली. विटांचं धुराडं. आधी ते किल्ले, मठ आणि बड्या लोकांच्या वाड्यांपुरतं होतं. पुढे शेतकऱ्यांच्या हातात पैसा खेळू लागला आणि विटाही मिळू लागल्या, तसं ते त्यांच्या घरांत आलं.

विल्यम हॅरिसन नावाचे एक धर्मगुरू एसेक्स परगण्यातल्या रॅडविंटर गावी राहायचे. त्यांनी इंग्लंडचं वर्णन करणारा एक ग्रंथ लिहिला. तो १५७७ साली छापला गेला. गावातली म्हातारी माणसं आपल्या हयातीत झालेल्या कोणत्या बदलांचं नवल करतात, हे त्यात नोंदवलंय. पहिलं नवल म्हणजे जिकडेतिकडे उभी राहिलेली धुराडी. दुसरं, झोपायचं अंथरूण. आधी गवताच्या गादीवर झोपायचे आणि उशीला लाकडाचा ओंडका. आता मऊ गाद्या-उश्या आल्या. तिसरं, लाकडी ताटं-चमचे जाऊन धातूचे आले.

गंमत म्हणजे धुराडी आली, पण हॅरिसनसाहेबांची कुरकुर थांबली नाही. त्यांचं म्हणणं असं, की धुराडी आल्यापासून लोकांना सर्दी-पडसं जास्त व्हायला लागलंय. पूर्वी धुरामुळे घराचं लाकूडही टणक व्हायचं आणि माणसांनाही औषध मिळायचं! ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य किती जुनं आहे, ते कळलं ना?

सगळ्यांनी एकदम धुराडं बांधलं असं मात्र नाही. काहींनी मधली वाट काढली. हॉलचं एक टोक आडोसा घालून वेगळं करायचं आणि आग तिथेच पेटवायची. धूर त्या अरुंद जागेतून वर जायचा आणि बाकीचा हॉल मोकळा राहायचा. सिंगलटनच्या संग्रहालयात ‘पॉप्लर कॉटेज’ नावाच्या लहानशा घरात ही सोय पाहायला मिळते.

आता एक छोटा विचार करा. धुराडं आलं. धूर त्यातून जाऊ लागला. मग हॉलला छपरापर्यंत उंच ठेवायची गरज काय? नाहीच! म्हणून हॉलच्या मध्यावर तुळया टाकून माळा घातला. वर नवी खोली मिळाली. खोलीत चढायचं कसं? मग जिना आला. एकाच धुराड्याला दोन-तीन खोल्यांतल्या शेकोट्या जोडता येतात, म्हणून वरही ऊब आली. नव्या खोलीला उजेड हवा, म्हणून नव्या खिडक्या आल्या. काच स्वस्त होत गेली, तशा त्या खिडक्यांना काचा बसल्या. आधी सगळं घर एका आगीभोवती गोळा व्हायचं. आता यजमान एका खोलीत, मुलं दुसऱ्या खोलीत, नोकर तिसऱ्या खोलीत. ‘ही माझी खोली’ असं म्हणायची सोय झाली ती एका धुराड्यामुळे!

हे सगळं बे-लीफच्या घरातही झालं. पुढच्या पिढ्यांनी त्यात धुराडं बांधलं आणि उंच हॉलवर माळा घातला. इतिहासकार डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९५३ साली एक गाजलेला लेख लिहून दाखवून दिलं, की साधारण १५७० ते १६४० या काळात इंग्लंडच्या खेड्यांतली अनेक घरं नवी बांधली गेली किंवा अशीच बदलली गेली. काळाच्या या नेमक्या सीमांवर अभ्यासक पुढे पुष्कळ भांडले, ती गोष्ट वेगळी.

नवं घर बांधणाऱ्यांनी तर सुरुवातीपासूनच धुराडं धरून घर आखलं. संग्रहालयातलं ‘पेंडीन’ हे शेतघर तसंच आहे. ते बांधलं १६०९ साली, म्हणजे शिवराय जन्मले त्याच्या एकवीस वर्षं आधी. धुराडं घराच्या पोटात आणि सगळ्या घरावर माडी. बे-लीफ आणि पेंडीन ही दोन्ही घरं एका फेरीत पाहता येतात, आणि मग एका धुराड्यानं काय उलथापालथ केली ते एका दिवसात समजतं.

बदल पुढेही चालूच राहिले. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत चक्क खिडक्यांवर कर होता! जितक्या खिडक्या जास्त, तितका कर जास्त. लोकांनी काय करावं? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. आजही तिथल्या जुन्या घरांवर अशा आंधळ्या खिडक्या दिसतात.

लाकडं साक्ष देतात

पण इतके फेरफार झालेल्या घरात मूळचं काय आणि नंतरचं काय, हे ओळखायचं कसं? इथे शेरलॉक होम्सच व्हावं लागतं. बघा, कसले कसले पुरावे असतात ते.

पहिला पुरावा काजळीचा. छपराचे वासे धुरानं काळेकुट्ट झालेले असले, की समजावं, इथे एकेकाळी उघडी आग पेटत होती. माळ्याच्या तुळया मात्र स्वच्छ दिसल्या, तर त्या धुराचे दिवस संपल्यावर घातल्या असणार.

दुसरा पुरावा रिकाम्या खाचांचा. खांबात खाच आहे, मेखेचं भोकही आहे, पण त्यात लाकूडच नाही! म्हणजे इथे बसणारी तुळई कुणीतरी काढून टाकली.

तिसरा पुरावा तुळईच्या खालच्या अंगाला. तिथे शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं ओळीनं दिसली, तर ती खिडकीच्या गजांची. म्हणजे आज जिथे सलग भिंत आहे, तिथे खिडकी होती. बारीक भोकांची रांग दिसली, तर ती कुडाच्या काठ्यांची. म्हणजे इथून एक भिंत नाहीशी झालीय.

चौथा पुरावा सर्वांत भारी. झाडाच्या खोडात दर वर्षी एक कडं वाढतं, हे तुम्ही शास्त्राच्या पुस्तकात वाचलं असेल. पाऊसपाणी आणि हवामान चांगलं असलं, की कडं रुंद. वाईट वर्ष असलं, की अरुंद. त्यामुळे एका प्रदेशातल्या ओकच्या झाडांत रुंद-अरुंद कड्यांची जवळजवळ सारखीच नक्षी उमटते. आजच्या झाडाची नक्षी थोड्या जुन्या लाकडाशी जुळवायची, त्याची आणखी जुन्या लाकडाशी. असं करत शास्त्रज्ञांनी शेकडो वर्षांची सलग नक्षी तयार केलीय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ए. ई. डग्लस यांनी या शास्त्राचा पाया घातला. ते खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचा पृथ्वीच्या हवामानाशी काय संबंध, हे शोधता शोधता ते झाडांच्या कड्यांपाशी पोचले!

घराच्या तुळईतून पेन्सिलीएवढा बारीक नमुना काढायचा आणि ती नक्षी कुठे बसते ते पाहायचं. सालीजवळचं शेवटचं कडं शाबूत असेल, तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं. आणि ओक ओलाच वापरत असल्यामुळे घरही त्याच सुमाराला बांधलेलं असणार.

बे-लीफच्या लाकडांनी काय साक्ष दिली माहितीय? हॉल आणि पॅन्ट्री-बटरीचा भाग १४०५ ते १४३० च्या दरम्यानचा. शिवरायांच्या जन्माआधी दोनशे वर्षं! पण यजमानाच्या खोल्यांचं टोक? ते १५०५ ते १५१० च्या दरम्यानचं. म्हणजे ज्याला आपण ‘मूळचं घर’ म्हणत होतो, तेही एका दमात बांधलेलं नव्हतं. त्याच्या दोन भागांत पाऊणशे ते शंभर वर्षांचं अंतर. धुराडं यायच्या आधीच घर एकदा बदललं होतं.

मग खरं घर कोणतं?

आता आलो आपण कोड्याच्या अवघड भागापाशी.

घर सुटं करून सिंगलटनला आणलं, तेव्हा ते कसं उभं करायचं हा प्रश्न होता. जसं सापडलं तसं? धुराडं, माळा, नंतरचे सगळे फेरफार यांच्यासकट? की जुन्या काळासारखं? संग्रहालयानं ठरवलं, की जुन्या रूपात उभं करायचं. म्हणून धुराडं गेलं. हॉलवरचा माळा गेला. जिथे पुरावे होते, तिथे काच नसलेल्या खिडक्या पुन्हा बसवल्या. आतली मांडणी केली ती साधारण १५४० सालची. टेबल, बाक, पेट्या, पलंग असं सगळं सामान जुन्या नमुन्यांवरून नव्यानं घडवून घेतलं. १५४० चं साल निवडण्यात शहाणपण होतं. तेव्हा घराचे दोन्ही भाग उभे होते आणि धुराडं अजून यायचं होतं.

त्यामुळे आज तिथे गेलं, की धुराच्या हॉलमध्ये उभं राहून ते घर कसं असेल, ते नाकाडोळ्यांनी समजतं. पुस्तकातली शंभर पानं वाचूनही तसं समजणार नाही.

पण थांबा. याच्या अगदी उलट मत असणारी माणसंही इंग्लंडमध्ये आहेत आणि त्यांचंही म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. ती आजही काम करते आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये जुनी चर्च ‘मूळ रूपात आणण्याची’ टूम निघाली होती. नंतरच्या शतकांत झालेली भर खरवडून काढायची आणि त्या जागी जुनं वाटेल असं नवंकोरं बांधायचं. मॉरिस यांचा याला कडाडून विरोध होता. इमारत म्हणजे तिच्यातल्या सगळ्या पिढ्यांचं काम. त्यातली आपल्या आवडीची एक पिढी ठेवायची आणि बाकीच्या पुसायच्या, हा अधिकार आपल्याला दिला कुणी? दुरुस्ती करा, गळती थांबवा, पण खरवडू नका, असं त्यांचं सांगणं.

विचार करून पाहा. बे-लीफचं धुराडं ज्यानं बांधलं, त्यानं त्यासाठी पैसे साठवले असतील. धुरानं चुरचुरणारे डोळे घेऊन वाढलेल्या त्याच्या घरच्यांना त्या धुराड्याचा केवढा आनंद झाला असेल! माळ्यावरच्या नव्या खोलीत पहिल्या रात्री कोण झोपलं असेल? त्या माणसांचं घरही खरंच होतं. पण ते आता उभं नाही.

मग संग्रहालयाचं चुकलं का? एक गोष्ट लक्षात घ्या. घर जर आपल्या जागेवरच उभं राहणार असतं, तर धुराडं काढायची गरजच नव्हती. इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या जुन्या घरांची सरकारी यादी असते. यादीतल्या घरातलं काही काढायचं किंवा बदलायचं म्हटलं, तर आधी परवानगी लागते. पण बे-लीफला तर जागा सोडावीच लागणार होती. शिवाय धुराडी, माळे आणि जिने असलेली घरं इंग्लंडमध्ये हजारोंनी आहेत. उघड्या आगटीचा हॉल जसाच्या तसा दाखवणारी घरं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणि धुराड्यानंतरची गोष्ट सांगायला शेजारी पेंडीन आहेच.

दोन्ही बाजू अशा वजनदार आहेत. म्हणून तर अजूनही एखादं जुनं घर दुरुस्त करायला घेतलं, की हा वाद नव्यानं सुरू होतो.

स्वयंपाकघराची फजिती

जाता जाता आणखी एका इमारतीची हकिगत सांगायलाच हवी. त्याच जलाशयाच्या परिसरातून ‘विंकहर्स्ट’ नावाची एक छोटी लाकडी इमारतही संग्रहालयात आली होती. संग्रहालयात सर्वांत आधी उभ्या राहिलेल्या इमारतींपैकी ती एक. तेव्हा सगळ्यांना वाटलं, की हे एका गरीब कुटुंबाचं छोटं, पण पूर्ण घर आहे. ते तसंच उभं केलं आणि वर्षानुवर्षं लोकांना तसंच दाखवलं.

पुढे अभ्यासकांनी लाकडं पुन्हा बारकाईनं तपासली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की हे स्वतंत्र घर नसावं. हे तर एका मोठ्या घराचं स्वयंपाकघर! आता काय करायचं? संग्रहालयानं ती इमारत पुन्हा एकदा सुटी केली, आवारातच दुसऱ्या जागी हलवली आणि स्वयंपाकघर म्हणून नव्यानं मांडली. आज तिथे त्या काळच्या पद्धतीनं रांधलेले पदार्थही पाहायला मिळतात.

नवी माहिती मिळाल्यावर पुन्हा सुधारता आलं, कारण मूळची लाकडं जपून ठेवली होती. त्यांच्यावरच्या खाचा, भोकं आणि काजळी कुणी तासून गुळगुळीत केली असती, तर विंकहर्स्ट आजही चुकीच्याच नावानं उभं असतं.

तुमच्या गावात एखादा जुना वाडा असेल, आजोळी जुनं घर असेल, तर पुढच्या सुट्टीत असाच शोध घेऊन पाहा. बुजवलेलं दार, रिकामी खाच, काजळलेला वासा, मध्येच वेगळ्या आकाराच्या विटा. काही सापडलं, तर आजी-आजोबांना विचारा, ‘इथे पूर्वी काय होतं? आणि ते का बदललं?’ ऐकाल ते वहीत तारीख घालून लिहून ठेवा.

आणि आता शेवटचा प्रश्न तुम्हाला. समजा, १९६८ साली त्या बैठकीत तुम्ही बसला आहात. समोर बे-लीफचे नकाशे पसरले आहेत. सगळे तुमच्याकडे बघताहेत. धुराडं ठेवायचं की काढायचं? हात वर करण्याआधी एक अट आहे. नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ चालणार नाही, कारणही सांगावं लागेल. रात्री जेवताना आई-बाबांनाही विचारून पाहा. बहुतेक घरात दोन पक्ष पडतील!